पंडिता रमाबाईंचा परदेशप्रवास

आमच्या मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंचे नाव न ऐकलेले माणूस क्वचितच सापडेल. केडगावचे मुक्तिसदन (नगरच्या वेशीजवळचे केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातील लोहमार्गावरचे केडगाव), दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, बाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर, या गोष्टी वडीलधाऱ्यांनी आम्हांस सांगितल्या आणि आम्ही त्या मुलाबाळांस सांगत आलो. परंतु मुक्तिसदनाच्या पूर्वी बाईंच्या आयुष्यात एक फार लांबचा प्रवास होऊन गेला, त्याकडे आमच्या लोकांचे लक्ष थोडे. ता. २० एप्रिल १८८३ रोजी मुंबई बंदर सोडलेल्या बाई १८८९ च्या फेब्रुवारीत पुन्हा मुंबईस आल्या. मध्यंतरीच्या पावणेसहा वर्षांत इंग्लंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, जपान व हाँगकाँग इतके मुलूख त्यांनी पाहिले. निघाल्या तेव्हा वयाची पंचवीस वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उणे होते. बरोबर दोन वर्षांची मुलगी, पदरी द्रव्य बेताचे, आणि कानांनी ऐकू कमी येऊ लागलेले. अशा स्थितीत बाई कोणाच्या आधाराने गेल्या, कोणाच्या घरी राहिल्या, आणि ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यापुढे मान किती वाकवली व किती वाकवली नाही, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रवास हा बाईंस नवा नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, म्हणून जातीतील लोकांचा रोष झाला. पुढे ते गंगामूळ येथील अरण्यात आश्रम बांधून राहिले. तेथे ता. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते जन्मभर फिरतच राहिले. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. मोठ्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही वारला. १८८० साली बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला.

त्याच वर्षी बाई पुण्यास आल्या. ता. १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्याच्या शाखा काढिल्या. त्यांत अहमदनगर होते आणि सोलापूरही होते. आमच्या मिरजगावावरून जाणारा रस्ता ज्या दोन शहरांस जोडतो, त्या दोन्ही शहरांतील स्त्रियांनी या तरुण विधवेचे भाषण ऐकून सभा भरविल्या, ही गोष्ट आमच्या भागातील फार थोड्यांस ठाऊक असेल.

हंटरसाहेबांच्या शिक्षणमंडळापुढे बाईंनी साक्ष दिली. हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षक पाहिजेत, असे त्यांनी तेथे सांगितले. आपण स्वतः वैद्यकी शिकावी अशी इच्छा याच सुमारास त्यांच्या मनात दृढ झाली. वैद्यकी शिकावयाची तर विलायतेस जाणे भाग होते. पुण्यात त्यांची वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या भगिनींशी ओळख झाली होती. भगिनींनी आपल्या मठात राहण्याची सोय देऊ केली. येथे बाईंनी जी अट घातली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फुकट राहणार नाही, हिंदुस्थानात कामास येणाऱ्या भगिनींस मराठी शिकवीन आणि त्याच्या मोबदल्यात राहीन, असे त्यांनी ठरवून घेतले. जहाजाचे भाडेही कोणाकडे मागितले नाही. त्यांनी लिहिलेले ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक १८८२ साली निघाले होते, त्याच्या विक्रीतून ते भागविले.

मे महिन्यात बाई, मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत अशा तिघी इंग्लंडास पोहोचल्या. आरंभीचे महिने फार कठीण गेले. परक्या मुलखात आनंदीबाईंचे मन बिघडले व त्यांनी आपल्या हाताने जीव दिला. रमाबाईंवर या दुःखाचा जो आघात झाला असेल त्याची कल्पना वाचकांनीच करावी. कानांच्या व्यथेमुळे वैद्यकीचा अभ्यासही होण्यासारखा नाही, असे ठरले. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम असे आरंभीच हातचे गेले.

याच दिवसांत भगिनींनी त्यांस लंडनजवळील फुलहॅम येथे नेले. ज्या बायकांस समाजाने पतित म्हणून टाकिले, त्यांस जवळ घेऊन प्रेमाने वागविणारे एक घर भगिनींनी तेथे चालविले होते. लहानपणापासून धर्मशास्त्रे मुखोद्गत केलेल्या बाईंनी अशा बायकांविषयी दंडाचे नियम पुष्कळ वाचले होते, दयेचे काम मात्र कोठे पाहिले नव्हते. हे लोक असे का करितात, म्हणून त्यांनी विचारिले. तेव्हा भगिनींनी त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली. आमच्या मते बाईंच्या सर्व प्रवासातील सर्वांत मोठे स्थळ हेच होय. पुढे त्यांनी मोठमोठी नगरे पाहिली, विद्यालये पाहिली, परंतु ख्रिस्ताकडे त्यांचे मन वळले ते त्या घरात. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखांनी त्यांच्या बुद्धीच्या शंकाही पुष्कळ फिटल्या. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

ही वार्ता महाराष्ट्रात येताच मोठा गहजब झाला. कालपर्यंत ज्यांनी सरस्वती म्हणून गौरविले त्यांतील पुष्कळांनी तोंड फिरविले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ काढून बाईंची बाजू घेतली.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाईंनी आपली बुद्धी भगिनींच्या स्वाधीन केली, असे समजणाऱ्यांची लवकरच निराशा झाली. १८८४ साली त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथे गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत, आणि संस्कृत शिकवीत. मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील ही मोठ्या मनाची बाई होती. रमाबाईंनी तरुण पुरुषांसही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. हिंदू विधवेने परपुरुषांस शिकविणे तिच्या देशात शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रमाबाईंस याचा फार संताप आला. आपण हजारो पुरुषांच्या सभांत शास्त्रार्थ केला, आपले वडील व पती यांनी त्यास कधी अडविले नाही, आणि आता आपल्या देशाची रीत आपणांस बिशपांनी शिकवावी काय, असा त्यांच्या पत्रांचा भाव आहे. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीही त्या भगिनी जेराल्डीन यांस प्रश्न विचारीत, आणि समाधान झाल्यावाचून होकार देत नसत. क्रुसावर लॅटिन शब्द असावेत की संस्कृत, एवढ्या लहान गोष्टीतही त्यांनी संस्कृताचा पक्ष धरिला. लॅटिन आपल्या देशात कोणास कळते, असा त्यांचा साधा सवाल होता. त्या मांस खात नसत आणि आपला देशी वेष त्यांनी सोडिला नाही.

जेराल्डीनबाई त्यांस वारंवार अभिमानी म्हणत. आम्हांस दोघींचीही बाजू दिसते. ज्या भगिनीने अनोळखी मायलेकींस आपल्या घरात घेतले, पोरीस आजीच्या मायेने सांभाळिले, तिच्या मनास लागणे साहजिक होते. परंतु उपकार करणाऱ्याची प्रत्येक आज्ञा म्हणजे प्रभूची आज्ञा, असे मानण्याची सवय आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पूर्वी किती खोल रुजली होती, हे आम्ही पाळकांच्या घरातून जवळून पाहिले आहे. पगार परदेशातून, देऊळ परदेशाच्या पैशाने, मग मत तरी आपले कोठून असणार! त्या दृष्टीने पाहता बाईंचा हा अभिमान दोष होता, असे म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. भगिनींविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी टाकिली नाही, आणि मनोरमेस पुढे त्यांच्याच हवाली करून ठेविले, यावरून दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात, असे दिसते.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेहून बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाई जोशी ता. ११ मार्च रोजी डॉक्टरची पदवी घेणार होत्या. कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंस त्या समारंभास येण्याची विनंती केली. आनंदीबाई या बाईंच्या दूरच्या आप्त होत्या. एक हिंदू राहिलेली आणि एक ख्रिस्ती झालेली, अशा दोन महाराष्ट्रीय स्त्रिया त्या परदेशी सभागृहात भेटल्या. ज्या विद्येसाठी रमाबाई स्वतः घरून निघाल्या होत्या, ती विद्या दुसरीस लाभलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आनंदीबाई थोड्याच महिन्यांत स्वदेशी परतल्या, आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे भरत नव्हते.

बाई अमेरिकेस गेल्या त्या थोडक्या दिवसांच्या बेताने, आणि राहिल्या पावणेतीन वर्षे. फिलाडेल्फियास त्यांनी बालोद्यानाची, म्हणजे लहान मुलांस खेळातून शिकविण्याची, नवी पद्धत अभ्यासिली. मराठी शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्यास घेतली. १८८७ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची, विशेषतः बालविधवेची, स्थिती वर्णिली आहे. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले, आणि प्रस्तावना डॉ. बॉडली यांनी लिहिली. त्याच्या हजारो प्रती खपल्या. मग व्याख्यानांचा क्रम सुरू झाला. संयुक्त संस्थानांच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, आणि कॅनडातही, गाव आले की सभा, सभा झाली की आगगाडी, असे दिवस गेले. दारूबंदीचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघाच्या प्रमुख मिस फ्रान्सिस विलर्ड यांनी त्यांस मोठे साह्य केले.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. रे. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष झाले. बाईंनी हिंदुस्थानात उच्च जातींच्या विधवांसाठी शाळा काढावी व असोसिएशनाने दहा वर्षे तिचा खर्च चालवावा, असा ठराव झाला. मंडळात निरनिराळ्या पंथांचे लोक होते, म्हणून शाळेत कोणावर धर्माची सक्ती होऊ नये, असेही ठरले. बोस्टन हे नाव नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांस परके नाही. ज्या अमेरिकन बोर्डाने गॉर्डन हॉल यांस धाडिले व १८३१ साली अहमदनगरास काम सुरू केले, त्याचे ठाणे बोस्टनातच होते. तेथून उपदेशक आमच्याकडे येत. येथून तेथे जाऊन, आमच्या स्त्रियांचे दुःख आमच्या तोंडून ऐका, आणि काम आमच्या हाती द्या, असे सांगणारी पहिलीच व्यक्ती तेथे या बाईंच्या रूपाने उभी राहिली असावी, असे आम्हांस वाटते. फरक हाच की बाईंनी तेथून उपदेशक मागितला नाही. द्रव्य मागितले, त्याचा हिशेब देण्याचे कबूल केले, आणि काम स्वतः चालविले.

या मुलखाविषयी त्यांनी परत आल्यावर १८८९ साली मराठीत एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आमच्या तरुणांनी ते अवश्य मिळवून वाचावे. लोकांनी आपले राज्य आपण कसे चालवावे, शाळा व ग्रंथालये सर्वांस कशी खुली असावीत, राजसत्तेच्या मदतीवाचून ख्रिस्ती मंडळ्या आपला खर्च आपण कसा भागवितात, हे त्यात मोठ्या आनंदाने वर्णिले आहे. स्त्रियांनी चालविलेल्या संस्थांविषयी तर लेखणी थांबतच नाही. परंतु डोळे मिटून केलेली ती स्तुती नव्हे. मूळच्या तांबड्या इंडियन लोकांची भूमी गोऱ्यांनी कशी हिरावली, करार करून ते कसे मोडिले, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. गुलामगिरी कायद्याने गेली तरी काळ्या लोकांविषयीचा तिटकारा गोऱ्यांच्या मनातून गेला नाही, हेही लिहिले. टोप्यांवर मिरविण्यासाठी पक्ष्यांचे जीव घेणाऱ्या स्त्रियांस त्यांनी बोल लाविला. ज्या देशाने त्यांच्या शाळेस दहा वर्षांचे अन्न देऊ केले होते, त्याच देशाविषयी, शाळा नुकतीच उभी राहत असताना, त्यांनी हे छापिले.

१८८८ च्या जूनमध्ये डॉ. बॉडली वारल्या. वर्षाच्या अखेरीस बाई सॅन फ्रान्सिस्कोहून पश्चिमेकडच्या महासागराने निघाल्या. जपानात उतरून त्यांनी तेथील स्त्रियांपुढे व्याख्याने दिली, आणि हाँगकाँग करून स्वदेशी आल्या. पश्चिमेकडे निघालेली विधवा अशी पूर्वेकडून घरी आली, पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी झाली.

ता. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईस शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढे अण्णासाहेब कर्वे यांची पत्नी झाली. १८९० साली शाळा पुण्यास नेली. तेथे काही मुली बाईंच्या प्रार्थनेच्या वेळी येऊन बसू लागल्या. बाई कोणास बोलावीत नसत, परंतु दार लावूनही घेत नसत. १८९३ साली या कारणावरून सल्लागार गृहस्थांनी संबंध तोडिला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनहून मिसेस अँड्रूज चौकशीस आल्या, सर्व पाहिले, आणि बाईंवरचा विश्वास कायम ठेविला. दिलेला शब्द मोडला की पाळला, यावर आजही वाद होतो. आमचे मत असे की सक्ती न करण्याचा शब्द त्यांनी दिला होता व तो पाळिला. आपली श्रद्धा लपवून ठेवण्याचा शब्द त्यांनी दिलाच नव्हता.

दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली. बाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, मंडळापुढे कामाचा वृत्तांत ठेविला, आणि त्या मंडळाच्या जागी नवे मंडळ उभे राहिले. त्याच प्रवासात इंग्लंडातील केझिक येथील मोठ्या मेळाव्यात त्यांस काही मिनिटे बोलावयास मिळाली. त्यांनी आपल्या संस्थेसाठी पैसा मागितला नाही, हिंदुस्थानासाठी प्रार्थना मागितली. या वेळेपर्यंत १८९६-९७ च्या दुष्काळातील मुली केडगावास येऊन राहिल्या होत्या. पुढच्या दुष्काळानंतर ती संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ज्यास प्रवासातून बाईंनी काय आणिले हे पाहावयाचे असेल, त्याने मुक्तिसदनाचा वृत्तांत पाहावा. फुलहॅमचे घर तेथे कृपासदन झाले, आणि टाकलेल्या बायकांस आसरा मिळाला. फिलाडेल्फियाची बालशाळा तेथे आली. मनोरमाबाई आंधळ्यांस शिकविण्याची विद्या शिकून आल्या, तेव्हा आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या. विणकाम, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, छापखाना, सर्व मुलींच्या हाती. वेष मात्र देशी, जेवण देशी, प्रार्थनेस बसणे जमिनीवर, आणि भाषा मराठी.

शेवटची वर्षे बाईंनी भाषांतरास दिली. संस्कृत त्यांस वडिलांच्या घरी मिळाले होते, इंग्रजी इंग्लंडात पक्के झाले, आणि हिब्रू व ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. पंडितांची मराठी नको, शेतावरच्या बाईस समजेल अशी मराठी पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनी केली. ता. २४ जुलै १८२१ नव्हे, तर १९२१ रोजी, म्हणजे काम संपत आले असता, मनोरमाबाई वारल्या. दोन वर्षांच्या असताना ज्या आईबरोबर जहाजावर चढल्या, तिच्या आधीच त्या गेल्या. आईने हातातले पान खाली ठेविले नाही. भाषांतर पुरे झाले, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाई केडगाव येथे प्रभूमध्ये निजल्या. सबंध पवित्र शास्त्र १९२४ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडले.